गिअर आपोआप पडतात, तेल आपोआप बदलत नाही

मित्रांनो (आणि स्टाफ पार्किंगमध्ये ऑटोमॅटिक गाडी लावणाऱ्या सरांनो आणि मॅडमनो), आपल्या टेक्स्टबुकात ऑटोमॅटिक ट्रान्समिशनला फार तर दोन पानं मिळतात. टॉर्क कन्व्हर्टरची एक आकृती, इंपेलर-टर्बाइन-स्टेटर ही तीन नावं, आणि शेवटी ‘फायदे व तोटे’. ओरलला तेवढ्यावर भागतं. एक्स्टर्नल फार खोलात शिरत नाहीत, आपणही शिरत नाही. पण त्या आकृतीत एक गोष्ट दाखवलेलीच नसते, कारण ती सगळीकडेच असते. ती म्हणजे तेल. हा लेख त्या तेलाबद्दल आहे आणि जुन्या गाडीत ते घरच्या घरी कसं बदलायचं याबद्दल आहे.

या तेलाबद्दल दोन मतं ऐकू येतात. विकणारा म्हणतो, “हे लाइफटाइम तेल आहे, बदलायची गरजच नाही.” गाडी जुनी झाली की गॅरेजवाला म्हणतो, “आता बदलू नका, बदललंत तर गिअरबॉक्स बसलाच म्हणून समजा.” दोघांचं ऐकलं तर तेल बदलण्याचा मुहूर्त कधी येतच नाही. ‘लाइफटाइम’ म्हणजे नक्की कोणाचा लाइफटाइम, हे मात्र कोणी सांगत नाही. माझ्या मते तो वॉरंटीचा असावा.

मी यात पडले ती मावशीच्या गाडीमुळे. मावशीच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. क्लच दाबणं तिला जमत नाही, त्यामुळे दोन पेडलची गाडी हाच तिचा एकमेव पर्याय. एसटीची पहिली पायरी किती उंच असते, ते ज्याचा गुडघा वळत नाही त्याला विचारा. तिची २००७ ची होंडा सिविक आहे, १.८ लिटरची, पाच गिअरची ऑटोमॅटिक, सेकंडहँड घेतलेली. रोज सातारा ते वाई नोकरीला. पंधरा वर्षं झाली म्हणून २०२२ मध्ये आरटीओत जाऊन पुन्हा पाच वर्षांची नोंदणीही करून घेतली. गेल्या वर्षी गाडीने दोन तक्रारी सुरू केल्या. आर मधून डी मध्ये टाकली की खालून ‘धड’ असा हिसका, आणि ताशी पन्नास-साठच्या दरम्यान हलका ॲक्सिलरेटर दिला की बारीक थरथर. एका गॅरेजने (नाव लिहीत नाही) एक चक्कर मारून निकाल दिला: गिअरबॉक्स गेला, दीड लाखाच्या वर खर्च, त्यापेक्षा गाडी भंगारात द्या. बाहेर काढून, उघडून, मोजून वगैरे काही नाही. मावशी दोन दिवस गप्प होती. मग मला फोन करून म्हणाली, “तू मेकॅनिकलला आहेस ना? मग बघ तरी.”

मेकॅनिकलला असणं आणि गाडीखाली झोपणं यात फरक आहे. तरी सर्व्हिस मॅन्युअल वाचून काढलं, वर्कशॉपच्या सरांना भंडावून सोडलं, आणि जे कळलं ते पुढे मांडते आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे काही शब्द मला गाडीखालीच मराठीत भेटले. पाना, वायसर, नरसाळं हे त्यातले.

सगळ्यात आधी आपली गाडी कोणती ‘ऑटोमॅटिक’ आहे ते बघा. ब्रोशरमध्ये हा एक शब्द चार वेगळ्या यंत्रांना वापरतात. एक, टॉर्क कन्व्हर्टरवाली, मावशीच्या गाडीसारखी. दोन, सीव्हीटी, ज्यात दोन पुलींमध्ये स्टीलचा पट्टा असतो. आपल्याकडे २००३ च्या होंडा सिटीपासून बऱ्याच लोकांना माहीत झाली. तीन, दोन क्लचवाली डीसीटी. आणि चार, एएमटी, जी २०१४ च्या सेलेरिओनंतर आपल्याकडे भरपूर दिसते. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच; क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ॲक्च्युएटर करतो. चौघांची तेलं वेगळी. सीव्हीटीत टॉर्क कन्व्हर्टरवालीचं तेल ओतलं तर पट्टा घसरेल आणि गिअरबॉक्स खरंच जाईल. मी पुढे जे लिहिते ते फक्त पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

टॉर्क कन्व्हर्टर समजून घ्यायला हॉस्टेलचे दोन टेबल फॅन पुरेत. समोरासमोर ठेवा, एक चालू करा, दुसऱ्याची पाती त्या वाऱ्याने फिरायला लागतात. हवेच्या जागी तेल, आणि पंखे एका बंद डब्यात. इंजिन फिरवतं तो इंपेलर, गिअरबॉक्सकडे जातो तो टर्बाइन. नुसतं एवढंच असेल तर ती फ्लुइड कपलिंग झाली. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये आलेली जनरल मोटर्सची हायड्रा-मॅटिक, म्हणजे मोठ्या संख्येने बनलेली पहिली ऑटोमॅटिक, फ्लुइड कपलिंगचीच होती. कन्व्हर्टरमध्ये तिसरं चाक असतं, स्टेटर. टर्बाइनवरून परत येणारं तेल इंपेलरच्या उलट दिशेने येतं; स्टेटर त्याला वळवून योग्य दिशेने पाठवतो. म्हणून गाडी उभी असताना टॉर्क जवळपास दुप्पट होतो आणि चढावर क्लच जाळावा लागत नाही. खंबाटकीच्या घाटात ट्रकच्या मागे रांगताना याची किंमत कळते.

पण तेलातून शक्ती पाठवताना थोडी घसरण कायम राहते, आणि घसरण म्हणजे उष्णता. म्हणून वेग घेतल्यावर कन्व्हर्टरच्या आत एक लॉक-अप क्लच बसतो आणि इंपेलर-टर्बाइन एकत्र बांधून टाकतो. हा क्लच लक्षात ठेवा, मावशीच्या गाडीची थरथर त्याच्याकडूनच येत होती.

गिअर बदलण्याचं काम तेलाच्या दाबाने होतं. इंजिनच्या बाजूला एक पंप असतो. तो तेलाला दाब देतो, सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडी तो दाब योग्य त्या क्लचकडे वळवतात, क्लचच्या पातळ चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि गिअर ‘पडतो’. बहुतेक कंपन्या यासाठी प्लॅनेटरी गिअर वापरतात. होंडाने १९६८ च्या एन-३६० पासून वेगळाच रस्ता धरला: मॅन्युअलसारखेच समांतर शाफ्ट आणि नेहमी जुळलेले गिअर, फक्त मध्ये सिंक्रोनायझरऐवजी तेलाने दाबले जाणारे क्लच. मावशीच्या गाडीतही तेच. प्लॅनेटरी गिअरचे प्रॉब्लेम ज्यांना रडवतात त्यांना होंडाचा गिअरबॉक्स बघून बरं वाटेल.

म्हणजे एकच तेल पाच कामं करतं. शक्ती वाहून नेतं, दाब पोहोचवतं, गिअर-बेअरिंगला वंगण देतं, उष्णता काढून घेतं, आणि क्लचच्या चकत्यांमध्ये मोजून-मापून घर्षण ठेवतं. पाचवं काम सगळ्यात अवघड. तिसरं आणि पाचवं तर एकमेकांच्या पायात पाय घालतात.

घर्षणाचं जरा सविस्तर सांगते, कारण मला हा भाग सगळ्यात आवडला. हे क्लच तेलात बुडालेले असतात आणि त्यांच्या चकत्यांवर कागदासारख्या तंतूंचा थर असतो. तेल फारच निसरडं असेल तर क्लच घसरत राहील. कमी निसरडं असेल तर क्लच हिसका मारून पकडेल. हवं असतं ते असं, की दोन चकत्यांमधला वेगाचा फरक कमी होत जाईल तसं घर्षणही थोडं कमी होत जावं. मग पकड मऊ बसते. उलट झालं, म्हणजे फरक कमी होताना घर्षण वाढलं, तर चकती चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. फळ्यावर खडू एका ठरावीक कोनात धरला की कर्कश किंचाळतो, ते हेच. व्हायोलिनचं बोअिंगही हेच, फक्त ते ऐकायला बरं वाटतं. लॉक-अप क्लचमध्ये असं झालं की ताशी पन्नास-साठच्या आसपास गाडी रंबल स्ट्रिपवरून जातेय असं वाटतं. याला शडर म्हणतात. तेलात घातलेले फ्रिक्शन मॉडिफायर हे होऊ देत नाहीत, आणि तेल जुनं झालं की आधी तेच संपतात. (गंमत म्हणजे एके काळी हे काम स्पर्म व्हेलचं तेल करायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्हेलच्या तेलावर बंदी आली आणि केमिस्ट लोकांना दुसरा मार्ग शोधावा लागला.)

तेल म्हातारं होतं ते मुख्यतः उष्णतेने. ढोबळ नियम असा, की सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या वर दर दहा-अकरा अंशांना आयुष्य निम्मं. केमिस्ट्रीत पहिल्या वर्षी शिकलेला दहा अंशांना वेग दुप्पटवाला नियम इथे कामाला येतो. आता तेच तेल मे महिन्यातल्या सिग्नलवर, एसी लावून, घाटात वापरा. मॅन्युअलमध्ये ‘सीव्हिअर कंडिशन’ म्हणून जे छोट्या अक्षरात दिलेलं असतं, ते आपलं नेहमीचं ड्रायव्हिंग आहे. मी स्वतः ४०,००० किलोमीटर धरते. मावशीच्या गाडीची जुनी बिलं चाळली, तर त्यात इंजिन ऑइल दर वर्षी होतं, गिअरबॉक्सचं तेल एकदाही नव्हतं.

मग ‘बदललं तर गिअरबॉक्स बसतो’ याचं काय? यात थोडं तथ्य आहे आणि बरीच गफलत आहे. गफलत अशी, की लोक तेल बदलायला निघतात तेच गिअर घसरायला लागल्यावर. तोवर क्लचच्या चकत्या झिजून गेलेल्या असतात. पुढच्या महिन्यात गिअरबॉक्स बसतो आणि नाव तेलाचं येतं. शेवटच्या दिवशी डॉक्टर बोलवायचा आणि डॉक्टर आला म्हणून पेशंट गेला म्हणायचं, तसंच. तथ्य असं, की चकत्यांची झिजलेली पूड तेलात तरंगत असते. मशीन लावून जोराने फ्लश केलं तर साचलेली घाण सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकू शकते. म्हणून फ्लश नाही. होंडाची पद्धतही साधीच आहे: बोल्ट काढा, जेवढं आपोआप येईल तेवढं येऊ द्या, तेवढंच नवं भरा, गाडी चालवा, पुन्हा काढा.

बोल्ट काढला की सगळं तेल येत नाही, हे इथे समजून घ्यावं लागतं. सिविकच्या या गिअरबॉक्समध्ये एकूण सुमारे सहा लिटर तेल धरा. खालून येतं जेमतेम अडीच. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये, क्लचच्या वाटांमध्ये बसून राहतं. म्हणजे प्रत्येक वेळी जुन्या तेलाचा ०.५८ भाग शिल्लक. एकदा बदललं तर नवं तेल ४२ टक्के, दुसऱ्यांदा ६६, तिसऱ्यांदा ८०. चौथ्यांदा ८८, म्हणजे अडीच लिटर ओतून हाती आठ टक्के. आम्ही तीनवर थांबलो. थर्मोच्या पेपरमध्ये एवढं सोपं गणित आलं तर मी पेढे वाटेन.

पण तेलाला हात लावण्याआधी एक तपासणी केली आणि अर्धा प्रश्न तिथेच सुटला. गिअर टाकताना ‘धड’ होतं म्हणजे गिअरबॉक्सच गेला असं नसतं. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटवर टेकलेले असतात. माउंट फाटलं की डी टाकताक्षणी अख्खं इंजिन झुलतं आणि बॉडीला धक्का देतं. बघायची पद्धत अशी: बॉनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, एकाने ब्रेक घट्ट दाबून बसायचं आणि आर-डी-आर करायचं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिनकडे बघायचं. बाजूला म्हणजे बाजूलाच, गाडीच्या समोर नाही! इंजिन थोडं हललं तर चालतं, उडी मारली तर नाही. या सिविकमध्ये उजव्या बाजूच्या इंजिन माउंटच्या आत द्रव भरलेला असतो आणि वय झालं की तो गळतो. आमच्या माउंटखाली काळा ओघळ स्पष्ट दिसत होता. साताऱ्यातल्याच एका मेकॅनिक काकांनी ते बदलून दिलं. गिअरबॉक्सचा बोल्टही न उघडता हिसका गेला. काका म्हणाले, “गिअरबॉक्सवर बिल फाडणं सोपं असतं ताई, माउंट बघायला वाकावं लागतं.”

राहिली थरथर. त्यासाठी तेल.

सामान: होंडाचं एटीएफ डीडब्ल्यू-१, आठ लिटर. २००७ मध्ये या गाडीत झेड-१ असायचं. नंतर कंपनीने त्याच्या जागी डीडब्ल्यू-१ आणलं आणि ते जुन्या गाड्यांना चालतं. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ असं लिहिलेला लाल डबा स्वस्त मिळतो, पण वर घर्षणाचं जे पुराण सांगितलं त्यानंतर तो घेऊ नये असं मला वाटतं. पार्ट्सच्या काउंटरवरून बिल घेऊन घ्या, नकली तेल बाजारात आहे. ड्रेन बोल्टसाठी १८ मिलिमीटरचे नवे ॲल्युमिनियमचे वायसर, प्रत्येक वेळी एक. तीन अष्टमांश इंचाचा रॅचेट. टॉर्क रेंच, जो वर्कशॉपमधून सरांच्या सहीने मिळाला. लांब नळीचं नरसाळं, खुणा असलेला मापाचा डबा, ट्रे. आणि धागे न सुटणारं कापड. कॉटन वेस्ट इथे चालत नाही, कारण एक धागा आत गेला तरी सोलेनॉइडच्या जाळीत अडकतो.

गाडी उचलताना डोकं ठिकाणावर ठेवा. जॅक हा उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. पुढून उचलून दोन जॅक स्टँडवर ठेवली. विटांवर कधीही नाही, वीट दबत नाही, एकदम फुटते. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, त्यामुळे पी मध्ये टाकल्यावर कुलूप लागतं ते पुढच्या चाकांना. तीच चाकं हवेत असली तर पी चा उपयोग शून्य. गाडी धरून असतो फक्त हँडब्रेक आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लावलेले दगड. खाली जाण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून बघा. हलली तर खाली जाऊ नका. आणि एकट्याने हे काम करू नका, कोणीतरी हाकेच्या अंतरावर हवं.

गाडी दहा मिनिटं चालवून तेल कोमट करून घेतलं. फार गरम तेलाने हात भाजतो. खाली दोन ड्रेन बोल्ट दिसतील. ज्याला षटकोनी डोकं आहे आणि १७ चा पाना लागतो, तो इंजिन ऑइलचा. ज्यात चौकोनी खाच आहे आणि रॅचेट थेट तिच्यात बसतो, तो गिअरबॉक्सचा. होंडात या दोघांची अदलाबदल हा प्रसिद्ध घोटाळा आहे. इंजिन ऑइल बदलायला निघालेला माणूस गिअरबॉक्स रिकामा करतो, आणि वरून इंजिनमध्ये साडेतीन लिटर जास्तीचं भरतो. खाच चौकोनी आहे याची खात्री करूनच जोर लावा. बोल्ट हट्टी असेल तर रॅचेटच्या दांड्यावर लांब पाइप चढवा, हातोडीने ठोकू नका.

तेल बाहेर आलं. रंग गडद तपकिरी, आपल्या मेसच्या चहासारखा. नवं तेल लाल असतं ते फक्त ओळखू यावं म्हणून, लाल रंगात काही औषध नाही. त्यामुळे नुसता रंग बघून निदान करू नये. वास बघा. जळकट, करपलेला वास म्हणजे क्लच जळलेत. गुलाबी दुधाळ फेस दिसला, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा, तर तेलात कूलंट मिसळलंय. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या आत असतो आणि तो आतून फुटला की असं होतं. बोल्टला लोहचुंबक असतं, त्यावर काय चिकटलंय ते बोटाने चोळून बघा. काळी-करडी मऊ पेस्ट ही नेहमीची झीज. टोचणारे कण किंवा पापुद्रे निघाले तर तेल बदलून पैसे वाया घालवू नका, गिअरबॉक्स उघडावा लागणार. तीच गोष्ट डी टाकून गाडी न्यूट्रलसारखी नुसती गुरगुरत असेल किंवा रिव्हर्स लागतच नसेल तर. आमच्याकडे पेस्ट निघाली, पुष्कळ, पण मऊ. मावशी खुर्चीत बसून बघत होती. मी बोट दाखवलं तेव्हा तिने ते स्वतःच्या बोटावर घेऊन चोळून बघितलं.

बोल्ट पुसून, नवं वायसर घालून ४९ न्यूटन-मीटरला आवळला. गिअरबॉक्सची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, “अजून थोडा” म्हणत आवळला तर आटे जातात आणि मग खरंच मोठं बिल येतं. निघालेलं तेल मापाच्या डब्यात मोजलं आणि डिपस्टिकच्या भोकातून नळीने तेवढंच नवं भरलं. हळूहळू भरावं लागतं. घाई केली की नरसाळं उलटी करतं.

आता लेव्हल. इथे होंडा बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून लेव्हल बघतात. या सिविकमध्ये रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत इंजिन गरम करायचं, गाडी सपाट जागी, मग इंजिन बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक काढायची. आधी काढली तर तेल खाली उतरलेलं नसतं, उशीर केला तर कन्व्हर्टरमधून जास्तीचं उतरून येतं. गरमच का? सहा लिटर तेल ६० अंशांनी तापलं की अंदाजे पाव लिटर फुगतं. थंड असताना ‘फुल’ केलं तर चालताना ते जास्त झालेलं असतं. जास्त तेल फिरत्या गिअरमध्ये घुसळून फेसाळतं. फेसात हवा असते, हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, मग क्लचवर पूर्ण दाब येत नाही आणि तो घसरतो. कमी तेल असलं तर पंपच हवा ओढतो आणि शेवट तोच. कमी आणि जास्त दोन्हींचं लक्षण एकसारखं आहे, म्हणून डिपस्टिकशिवाय अंदाज करू नये.

पहिल्यांदा बदलून मावशी आठवडाभर वाईला गेली-आली. नवं तेल सगळ्या वाटांतून फिरायला हवं, सगळे गिअर आणि लॉक-अप वापरले जायला हवेत, म्हणून मध्ये हे अंतर. पहिल्या वेळेनंतर थरथर कमी झाली पण होती. दुसऱ्यानंतर ती शोधावी लागत होती. तिसऱ्यानंतर मला सापडली नाही. सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर अजूनही किंचित रेंगाळून पडतो. ते वय आहे, तेलाने जाणार नाही. तीन महिने झाले, साधारण साडेचार हजार किलोमीटर. खर्च माउंट धरून दीड लाखाच्या जवळपासही गेला नाही.

बाकीच्या गाड्यांचं थोडक्यात. होंडाचा आतला गाळणीचा स्ट्रेनर गिअरबॉक्स फोडल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे त्याचा विचार सोडा. इतर कंपन्यांच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत खाली पत्र्याचा पॅन असतो. तो उतरवून फिल्टर आणि गॅस्केट बदलता येतं. नव्या गाड्यांपैकी कित्येकींना डिपस्टिकच नाही, ठरावीक तापमानाला बाजूचा बोल्ट उघडून तेल थेंब-थेंब येतंय का बघतात. त्याला स्कॅनर लागतो आणि गाडी उचलूनही सपाट हवी. ते काम अंगणात करू नका.

निघालेलं साडेसात लिटर तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचरा आहे. आम्ही जुन्या डब्यांत भरून त्या माउंटवाल्या काकांच्या ड्रममध्ये दिलं, तिथून ते रिसायकलवाला नेतो.

हॉस्टेलवर मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, बॅटरी उतरली तर ऑटोमॅटिकला धक्का स्टार्ट का देता येत नाही? कारण तेलाचा पंप इंजिनच्या बाजूला आहे. इंजिन फिरत नाही तोवर दाब नाही, दाब नाही तोवर क्लच जुळत नाही, आणि क्लच जुळला नाही तर चाकं फिरून इंजिनला काही कळत नाही. आख्खी विंग खाली उतरून ढकललीत तरी. जंपर केबल आणा. दुसरा, बंद पडलेली ऑटोमॅटिक दोराने ओढत का नेऊ नये? कारण तोच पंप. चाकांबरोबर आतले शाफ्ट फिरत राहतात, पण त्यांना तेल पोहोचवणारा कोणी नसतो. पुढची चाकं उचलून न्या, नाहीतर सरळ फ्लॅटबेड बोलवा.